नोकरी सांभाळून कलेतिहास : एका अभ्यासपद्धतीचा विचार

नोकरी करून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याची अडचण सामान्यतः वेळेची मानली जाते. कलेतिहासाच्या बाबतीत मात्र ही अडचण दुहेरी आहे. साहित्याचा विद्यार्थी रात्री दिव्याखाली संहिता वाचू शकतो, पण कलेतिहासाची संहिता म्हणजे प्रत्यक्ष चित्र, शिल्प अथवा वास्तू. संग्रहालये प्रायः दिवसा उघडी असतात, आणि नोकरदाराचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. हा विरोध कसा सोडविता येतो, याचा विचार येथे लंडनमधील बर्कबेक महाविद्यालयाच्या आधारे केला आहे.

संध्याकाळच्या वर्गांची परंपरा

१८२३ साली डॉ. जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये कारागिरांसाठी एक शिक्षणसंस्था स्थापन झाली. १८३० मध्ये तिने स्त्रियांनाही प्रवेश दिला, आणि १९२० साली ती लंडन विद्यापीठाचे महाविद्यालय बनली. दिवसा काम करणाऱ्यांना संध्याकाळी शिकविणे हे तिचे मूळ व्रत पुढेही टिकले. वर्ग सहा ते नऊच्या सुमारास भरविण्याचा तेथील प्रघात त्यातूनच आलेला आहे.

कलेतिहासाला या संस्थेत प्रतिष्ठा मिळवून देण्यात निकोलाउस पेव्हस्नर यांचा वाटा मोठा आहे. नाझी राजवटीत अध्यापकपद गमावल्यावर १९३३ साली ते जर्मनीतून इंग्लंडला आले. १९४२ पासून ते बर्कबेकमध्ये शिकवू लागले, आणि १९५९ मध्ये तेथे कलेतिहासाचे प्राध्यापक झाले. इंग्लंडमधील वास्तूंची जिल्हावार नोंद करणारी त्यांची ४६ खंडांची ग्रंथमाला १९५१ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी लागणारे प्रवास त्यांनी मुख्यतः सुट्यांत केले, ही गोष्ट अर्धवेळ अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

वेळेचा हिशेब

ब्रिटिश विद्यापीठांत या पदवीला १८० श्रेयांक असतात. एका श्रेयांकास दहा तासांचा अभ्यास गृहीत धरला, तर एकूण १८०० तास होतात. पूर्णवेळ विद्यार्थी ते एका वर्षात पुरे करतो, तर अर्धवेळ विद्यार्थी दोन वर्षांत. म्हणजे वर्षास ९०० तास, आणि आठवड्यास सुमारे अठरा. त्यांपैकी वर्गात जाणारे तास थोडे असतात. उरलेले पहाटेतून, रविवारातून आणि घरच्यांच्या वाट्याच्या वेळेतून काढावे लागतात. या हिशेबाकडे डोळेझाक करून प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा प्रबंधिकेच्या टप्प्यावर अडखळतो.

पाहण्याची शिस्त

मर्यादित वेळेत काय करावे, याचे उत्तर या विद्येच्या पद्धतीतच आहे. हाइन्रिख व्होल्फ्लिन यांनी दोन पारदर्शिका शेजारीशेजारी दाखवून तुलना करण्याची रीत वर्गात रूढ केली. रेषाप्रधान व रंगप्रधान, बंदिस्त व मुक्त अशा जोड्यांनी रूप कसे वाचावे, हे त्यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ मध्ये अर्थाचे तीन स्तर सांगितले. प्रथम चित्रात दिसणाऱ्या वस्तू व माणसे ओळखावयाची, नंतर त्यांमागील कथा अथवा संकेत, आणि शेवटी त्या काळाची जीवनदृष्टी. पहिल्या स्तराला ग्रंथालय लागत नाही, परंतु त्याच कृतीपुढे पुनःपुन्हा उभे राहावे लागते. लंडनमधील काही मोठी संग्रहालये शुक्रवारी उशिरापर्यंत उघडी असतात. अशा संध्याकाळी वीस दालने पालथी घालण्यापेक्षा एकाच कृतीपुढे तासभर बसून टिपण व रेखाटन करणे अधिक फलदायी होय.

एक उदाहरण : अजिंठ्याच्या प्रतिकृती

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी त्या केल्या. पुढे नामांकित झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. तत्पूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या.

लंडनमधील अर्धवेळ विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधिकेसाठी घेतला, तर सामग्री हाताशी आहे असे त्याला प्रथमदर्शनी वाटेल. पण मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यानंतर, रंगविलेली आहेत, तर प्रती कॅनव्हासवर तैलरंगांत आहेत. साहजिकच रंगाची खोली, छायाप्रकाश व कडांचा मऊपणा यांत किती अंश अजिंठ्याचा आणि किती मुंबईत शिकविल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य रेखनशिक्षणाचा, हा प्रश्न उभा राहतो. उलटपक्षी, मूळ भिंतीवर पुढे झिजलेले काही भाग प्रतीतच अधिक स्पष्ट दिसतात. प्रत ही मुळाची जागा घेऊ शकत नाही, पण ती स्वतंत्र पुरावा ठरते. अशा विद्यार्थ्याने वर्षाची रजा साठवून एकदा तरी अजिंठ्याच्या लेण्यांत, तेथील मंद प्रकाशात, उभे राहिले पाहिजे. तेथे जाण्यापूर्वी प्रतींवरून प्रश्नांची यादी तयार असेल, तर चार दिवसही पुरतात. यादी नसेल, तर महिनाही अपुरा पडेल.

समारोप

अर्धवेळ अभ्यासात काही गमवावे लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहाध्यायांशी होणाऱ्या निवांत चर्चा, भाषांचा अभ्यास आणि दीर्घ क्षेत्रयात्रा यांना त्यात कात्री लागते. मात्र दोन वर्षांच्या अवधीत एकच कृती निरनिराळ्या ऋतूंत आणि वाढत्या वाचनानिशी अनेकदा पाहता येते. पहिल्या सत्रातील टिपण व शेवटच्या सत्रातील टिपण शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्याला आपल्या दृष्टीत पडलेला फरक स्वतःलाच तपासता येतो. म्हणून विषय निवडताना कृती थोड्या, पण वारंवार गाठता येतील अशा असाव्यात. लंडनप्रमाणेच नागपूर, दिल्ली अथवा बडोदे येथील नोकरदार अभ्यासकालाही हे धोरण स्वीकारता येण्यासारखे आहे.