गाडी कां तापते?

जुनी मोटार घाट चढतांना तापली आणि बॉनेटखालून वाफ निघूं लागली, कीं प्रवाशांची गाळण उडते. कोणी म्हणतो, रेडिएटर बदला. कोणी म्हणतो, इंजिनच उतरवा. वैद्यानें नाडी न पाहतां औषध द्यावें, तसाच हा प्रकार होय. या रोगाची परीक्षा क्रमानें कशी करावी, हें प्रस्तुत लेखांत पाहूं. उदाहरणासाठीं १९५७ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशांत तयार होत असलेली अँबॅसडर गाडी घेऊं. कारण तिची रचना साधी असून बॉनेट उघडतांच बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात.

इंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा फार तर एक तृतीयांश भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला बहुतेक पाण्याला वाहून न्यावा लागतो. पट्ट्यानें फिरणारा पंप हें पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून खेळवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरमध्यें येतें, तेथील बारीक नळ्यांतून उतरतांना वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या नळीनें पुनः इंजिनांत जातें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचें एक लहानसें दार असतें. पाणी सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे तें उघडूं लागतें. यावरून ध्यानांत येईल, कीं पाणी कमी पडणें, पाणी न फिरणें, वारा न लागणें आणि उष्णता वाजवीपेक्षां अधिक होणें, हीं या रोगाचीं चार मुख्य कारणें होत.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं एक गोष्ट कधींहि विसरूं नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांस उकळतें. परंतु झांकणानें दर चौरस इंचास ७ पौंड जादा दाब धरला, तर तें सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. अशा वेळीं झांकण काढलें, तर दाब नाहींसा होऊन उकळतें पाणी उसळतें, आणि हात व तोंड भाजतें. म्हणून गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास थांबावें. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणीहि ओतूं नये. त्यानें लोखंड तडकण्याची भीति असते.

गाडी निवाल्यावर प्रथम पाणी पाहावें. तें कमी असेल, तर नळ्यांचे सांधे, पंप व रेडिएटर यांवर ओल आहे काय, तें तपासावें. बाहेर कोठेंहि गळती नाहीं, तरी पाणी घटतें. तेलाच्या पट्टीवरील तेल दुधाळ दिसतें. किंवा इंजिन चालूं असतां रेडिएटरमध्यें सारखे बुडबुडे येतात. अशीं लक्षणें आढळल्यास इंजिनाच्या डोक्याखालील गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा. तें काम जाणत्या मिस्त्रीचें होय.

पाणी पुरेसें असेल, तर दुसरा प्रश्न विचारावा: गाडी तापते केव्हां? गर्दींत उभी असतां तापते, पण मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वारा कमी पडतो. पंखा व त्याचा पट्टा पाहावा. निघाल्यावर थोड्याच वेळांत इंजिन उकळूं लागतें, पण रेडिएटर थंडच राहतो, तर बहुधा थर्मोस्टॅट अडकला आहे. वेगांत किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आंतून गाळानें भरला असेल, अथवा पाण्याची वाट कोठें अडली असेल. हें सारें ठीक असल्यास ठिणगी उशीरा पडते काय, व ब्रेक चाकांना घासतात काय, तेंहि पाहावें.

आमच्या एका स्नेह्यांची जुनी अँबॅसडर खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढतांना दर खेपेस तापे. एका गॅरेजमध्यें नवा रेडिएटर बसविण्यांत आला. मुलीच्या शिक्षणासाठीं शिल्लक टाकलेल्या रकमेंतून त्याचें बिल भरावें लागलें. परंतु पुढच्याच खेपेस घाटांत पुनः वाफ निघाली! ती मुलगी तेव्हां दहावींत होती. तिनें एका वहींत कांटा कोठें व केव्हां चढतो, याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पनवेलच्या गर्दींत कांटा मध्यावर राही. घाटांत दुसऱ्या गिअरमध्यें इंजिन जोरानें फिरूं लागलें, कीं वर जाई.

"बाबा, उभ्या गाडीला पंखा पुरतो, म्हणजे वारा ठीक आहे. जोरानें फिरतांनाच पाणी अडत असेल," असें ती म्हणाली.

दुसऱ्या मिस्त्रीनें इंजिन नेहमीइतकें तापूं देऊन ॲक्सिलरेटर दाबला. ओढणी आवरून ती पंख्यापासून दूर उभी राहून पाहत होती. खालची रबरी नळी पंपाच्या ओढीनें चपटी झाली! नळीचें रबर मऊ पडलें होतें, आणि तिला आधार देणारी आंतील स्प्रिंग गंजून गेली होती. रेडिएटर नवा बसविला, पण नळी जुनीच राहिली होती. नळीची किंमत रेडिएटरच्या मानानें अगदींच क्षुल्लक होती.

विद्यार्थिमित्रहो, घरची गाडी तापूं लागल्यास झांकणाला हात लावूं नका. तें काम वडीलधाऱ्या माणसांवर सोपवा. परंतु वही व पेन्सिल तुमच्या हातीं आहे. कोठें, केव्हां व कोणत्या गिअरमध्यें गाडी तापली, हें लिहून ठेवा. आणि पालकांस विनंति अशी, कीं एखादा भाग बदलण्यास संमति देण्यापूर्वीं, "हाच भाग बिघडला, हें कशावरून?" एवढें मिस्त्रीस अवश्य विचारावें. जाणता मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं. तो तुम्हांला जवळ बोलावून दोष दाखवितो.