पुली नव्हे, डॅम्पर!

'टॉर्शनल व्हायब्रेशन' हा चॅप्टर आपण बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतो. मीही तेच केलं होतं. दोन रोटर, मध्ये शाफ्ट, नोड काढा, मार्क घ्या. तो चॅप्टर खरा भेटला तो दिव्याला, मामाच्या गाडीखाली.

मामाची डिझेल गाडी भाड्याने चालते. शीळ फाटा, कल्याण, पनवेल हा तिचा रोजचा रस्ता. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. चार महिन्यांत अल्टरनेटरचा पट्टा दोनदा बदलला, इंजिन माउंटही बदललं, तरी चिरचिर आवाज चालूच. एका ठिकाणी सांगितलं, "पुली गेलीय. साधी लोखंडी टर्न करून बसवतो, निम्म्या पैशात काम होईल." मामा जवळजवळ तयार झाला होता. मी सुट्टीत घरी आलो होतो, म्हणून म्हटलं, आधी ओळखीच्या मेस्त्रींना दाखवू.

हे मेस्त्री कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर कारखान्यात काम केलेले. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. त्यांनी मला विचारलं, "इंजिनिअर होणार ना बाळा? मग सांग, या पुलीत रबर कशाला घातलंय?" मला उत्तर आलं नाही.

रबर कशासाठी?

चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा ज्वलन होतं. म्हणजे ७५० आरपीएमला सेकंदाला २५ धक्के आणि ३००० ला १००. प्रत्येक धक्क्याला क्रँकशाफ्ट किंचित पिळली जाते आणि परत सुटते. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये आपण ओली चादर पिळतो तशी, फक्त डोळ्यांना दिसत नाही इतकी कमी. धक्क्यांची किंवा त्यांच्या पटींची फ्रिक्वेन्सी शाफ्टच्या नॅचरल फ्रिक्वेन्सीशी जुळली की रेझोनन्स! पीळ वाढत जातो आणि शेवटी फटिगने तडा जातो. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात लांब क्रँकशाफ्टना हाच त्रास होता. १९१० च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने त्यावर डॅम्पर शोधला.

आजच्या डॅम्परचे तीन भाग असतात : आत हब, बाहेर जड रिंग आणि दोघांच्या मध्ये रबर. हब क्रँकबरोबर थरथरतो, रिंग जडत्वामुळे मागे राहते आणि त्या ओढाताणीची ऊर्जा रबरात उष्णता होऊन निघून जाते. बाहेरच्या रिंगवर पट्टा फिरतो, म्हणून आपण त्याला नुसती पुली समजतो. काही लहान इंजिनांना कंपनीच साधी पुली देते, कारण तिथे हिशेब तसा बसतो. पण जिथे डॅम्पर दिलाय तिथे लोखंडी पुली बसवली तर पट्टा फिरेल, आवाज जाईल आणि क्रँक मात्र आतून मार खात राहील. ही पिळण्याची थरथर सीटवर बसणाऱ्याला जाणवेलच असं नाही. मामा इथेच फसणार होता.

तपासणी

१. इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्च मारून रबर बघा. भेगा, बाहेर आलेला फुगा किंवा ऑइलने मऊ झालेलं रबर म्हणजे डॅम्पर संपला.

२. हब, रबर आणि रिंग यांवरून खडूने एक सरळ रेघ ओढा. गाडी थोडी चालवून, बंद करून पुन्हा बघा. रेघ तुटून सरकली असेल तर रिंग हबवर घसरते आहे. आमची रेघ दोन बोटं सरकली होती! ज्या इंजिनात टायमिंगची खूण रिंगवर असते, तिथे ती खूणही मग खोटी ठरते.

३. इंजिन चालू असताना लांबून बघा, रिंग डुगडुगते का. ओढणी, सैल बाह्या आणि हात दूर ठेवा.

आमचे पट्टे एका कडेने का फाटत होते तेही कळलं. रिंग वाकडी फिरत होती.

बदलताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली घोडी लावा. चाक काढून पट्टा सोडवा.

मधला बोल्ट फार घट्ट असतो. सेल्फ मारून तो सोडवायची युक्ती काही जण करतात, ती करू नका. पाना उडाला तर हात गेला. क्रँक धरून ठेवायचं टूल वापरा. त्याआधी मॅन्युअल वाचा, कारण काही इंजिनांत आटे उलटे असतात. काहींत टायमिंगचं चक्र याच बोल्टने दाबून धरलेलं असतं. तिथे टायमिंग लॉक न करता बोल्ट सैल केला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊ शकते.

पुलर हबला लावायचा. मी उत्साहात रिंगमागे टॉमी घालायला गेलो, तेव्हा मेस्त्री ओरडलेच, "अरे, बाहेरून ओढशील तर रबर हातात येईल!" जुना डॅम्पर जाणारच होता, पण सवय चुकीची लागते. शिवाय टॉमीच्या जोराने मागचं कव्हर फुटू शकतं.

डॅम्पर निघाल्यावर मागचं ऑइल सील बघा. गळत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तेच ऑइल नवं रबर खाईल. कंपनीने नवा बोल्ट सांगितला असेल तर जुना पुन्हा वापरू नका. तो एकदाच ताणण्यासाठी बनवलेला असतो. घट्ट करताना अंदाज नको. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधला आकडा आणि सांगितला असेल तर पुढचा कोन. मग पट्टा आणि टेन्शनर नीट बसलेत ना, ते बघा.

मामाने पूर्ण पैसे मोजून डॅम्परच घेतला. बसवल्यावर मेस्त्रींनी माझ्याकडून नव्या डॅम्परवर खडूची रेघ ओढून घेतली. सुट्टी संपून हॉस्टेलला निघालो त्या सकाळी मी वाकून पाहिलं. रेघ पुसट झाली होती, पण सरळ होती.

पुढच्या व्हायव्हात सरांनी डॅम्परचा उपयोग विचारला तर मला आता पुस्तक आठवावं लागणार नाही. तुम्हीही घरी जाल तेव्हा गाडीखाली एकदा टॉर्च मारा. खडूला फारसा खर्च नाही.

– टी. ई. मेकॅनिकल