अकराव्या वर्षाची परीक्षा आणि बुद्धिमापन

इंग्लंडमध्ये १९४४ साली नवा शिक्षणकायदा संमत झाला. माध्यमिक शिक्षण सर्वांस विनामूल्य देण्याचे तत्त्व त्याने स्वीकारले व त्याबद्दल त्याची वाखाणणी झाली ती योग्यच होती. परंतु अंमलबजावणी करताना माध्यमिक शाळांचे ग्रामर, तांत्रिक व मॉडर्न असे तीन प्रकार करण्यात आले. कोणत्या मुलाने कोठे जावयाचे हे अकराव्या वर्षाच्या सुमारास घेतलेल्या एका परीक्षेवरून ठरे. तांत्रिक शाळा थोड्याच निघाल्या, त्यामुळे वाटा प्रत्यक्षात दोनच उरल्या. चार-पाच मुलांमागे एक ग्रामर शाळेत जाई व त्यास विद्यापीठाची वाट खुली होई. बाकीच्यांपैकी बहुसंख्य मुले पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामधंद्यास लागत.

या विभागणीमागे बुद्धीविषयीची एक विशिष्ट कल्पना उभी होती. बुद्धी जन्मजात असते, ती फारशी बदलत नाही आणि बालवयातच ती मोजता येते, असे मत सिरिल बर्ट हे विख्यात मानसशास्त्रज्ञ मांडीत. लंडन कौंटी कौन्सिलने १९१३ मध्ये त्यांची नेमणूक केली होती व सरकारी समित्यांपुढे त्यांच्या शब्दास वजन होते. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने त्यांनी आपले मत सिद्ध केले, असे मानले जाई. मात्र त्यांच्या लेखांत जुळ्यांची संख्या वाढत गेली, तरी सहसंबंधाचा आकडा ०.७७१ हाच राहिला! ही विलक्षण गोष्ट लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये निदर्शनास आणली. तत्पूर्वी १९७१ मध्येच बर्ट निवर्तले होते. आकडे रचलेले होते की केवळ हलगर्जीपणा झाला होता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या आकड्यांवरील भरवसा मात्र गेला तो गेलाच.

परीक्षेतील यश तरी केवळ बुद्धीवर अवलंबून होते काय? ग्रामर शाळांतील जागा प्रदेशागणिक कमीअधिक असत, म्हणजे तेवढ्याच गुणांचा मुलगा एके ठिकाणी उत्तीर्ण तर शेजारी अनुत्तीर्ण ठरे. बर्मिंगहॅमचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तेथे मुलांसाठी ५४० व मुलींसाठी ३६० जागा होत्या. सबब मुलींना अधिक गुण मिळवावे लागत. हा भेदभाव बेकायदेशीर असल्याचा निर्णय १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. बाकांच्या संख्येवरून बुद्धीची रेषा आखण्याचा हा प्रकार होता, दुसरे काय!

घरच्या परिस्थितीचाही वाटा मोठा होता. मार्च १९४६ मध्ये जन्मलेल्या बालकांचा पाठपुरावा करून जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी १९६४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कसोटीत सारखीच क्षमता दाखविणाऱ्या मुलांतही, अगदी वरच्या मूठभरांचा अपवाद सोडल्यास, कामगारांच्या मुलांना ग्रामर शाळेत प्रवेश मिळण्याचा संभव कमी असल्याचे त्यांना आढळले. दाटीवाटीचे घर, पालकांची आस्था आणि प्राथमिक शाळेचा दर्जा यांचा परिणाम गुणांवर होतो, हे त्यांनी दाखविले.

पुढे हा राजकीय पक्षांच्या झगड्याचा विषय झाला. मजूर सरकारने १९६५ मध्ये परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच शाळा उघडण्याच्या योजना स्थानिक संस्थांकडून मागविल्या. १९७० मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर येताच शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ते मागे घेतले. इंग्लंडमध्ये आजही १६३ ग्रामर शाळा चालू आहेत.

वास्तविक बुद्धिमापनाचा मूळ हेतू निराळाच होता. पॅरिसचे आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये जी कसोटी तयार केली, ती साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले व त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. आपल्या वर्गांतून एखाद्या मुलास ‘ढ’ ठरविण्यास मात्र कोणत्याच कसोटीची गरज पडत नाही. मागचा बाक तेवढा पुरतो. बुद्धी वाढत नाही या मताचा बिने यांनी १९०९ मध्ये कडक निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी अवधान व स्मरण यांचे व्यायाम सुचविले होते. त्यांत एक खेळ असा होता, की गुरुजींनी इशारा देताच साऱ्या वर्गाने पुतळ्यासारखे निश्चल राहावयाचे.