परोपजीवी गांधीलमाशीची सुप्तावस्था व शीतसंग्रह

पिकांचा नाश करणाऱ्या किडींवर उपजीविका करणारे अनेक कीटक निसर्गात आढळतात. ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी त्यांपैकीच एक होय. तिची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. मादी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी यजमान अंड्यातील द्रव्य खाऊन वाढते. त्यामुळे पीक पोखरणारी अळी जन्मासच येत नाही. भारतात उसावरील खोडकिड्यांविरुद्ध ‘ट्रायकोग्रामा किलोनिस’ या जातीचा उपयोग करतात.

पैदास आणि अडचण

प्रयोगशाळेत धान्याच्या भरडीवर कॉर्सिरा हा पतंग वाढवितात. त्याची अंडी कार्डावर चिकटवून, अतिनील किरणांनी त्यांतील भ्रूण मारून, ती गांधीलमाशीला पुरवितात. तीन-चार दिवसांत परोपजीवीग्रस्त अंडी काळी पडतात आणि सुमारे 28 अंश सेल्सिअस तापमानात आठ ते दहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. एका कार्डावर सुमारे 20,000 अंडी असतात.

शेतात या माशीची गरज मात्र पतंग अंडी घालतात तेवढ्याच काळात असते. ती आधी बाहेर पडली, तर थोड्याच दिवसांत मरून जाते. उशिरा सोडली, तर किडीची अळी खोडात शिरलेली असते आणि तेथे माशीचा काही उपाय चालत नाही. म्हणून तिची वाढ हवी तेव्हा थांबविता येणे अगत्याचे ठरते.

दोन प्रकारची सुप्ती

पहिली सुप्ती केवळ थंडीमुळे येते. काळ्या पडलेल्या अंड्यांची कार्डे सुमारे 10 अंश तापमानात ठेवली असता वाढ मंदावते. ऊब मिळताच ती पुन्हा सुरू होते. हा उपाय थोड्या आठवड्यांपुरताच चालतो. शरीरातील अन्नसाठा हळूहळू खर्च होत राहतो. मुदत लांबली, की कमी माश्या बाहेर पडतात, काहींचे पंख अधू राहतात व मादीची अंडी घालण्याची शक्ती घटते.

दुसरी सुप्ती अधिक खोल असते. समशीतोष्ण प्रदेशांतील काही जातींत हिवाळ्याची चाहूल लागताच कोशपूर्व अवस्थेत वाढ थांबते. आईने अनुभवलेले लहान दिवस आणि अळीला लागलेली थंडी, या दोहोंचा येथे प्रभाव पडतो. अशी अळी लगेच उबेत आणली तरी जागी होत नाही. थंडीचा ठरावीक काळ उलटावा लागतो. फ्रान्समध्ये मक्यावरील खोडकिड्यासाठी ‘ट्रायकोग्रामा ब्रासिकी’ वापरताना या गुणाचा लाभ घेण्यात आला. सुमारे 10 अंशांत काही आठवडे ठेवून सुप्ती आणावयाची व नंतर सुमारे 3 अंशांत कित्येक महिने संग्रह करावयाचा, अशी ही रीत आहे. त्यामुळे हिवाळ्यात केलेली पैदास उन्हाळ्यात उपयोगी पडते.

परंतु सर्व जातींत ही क्षमता सारखी नसते. एका जातीची रीत दुसरीला तशीच लावली, तर संपूर्ण साठा वाया जाण्याचा संभव असतो; म्हणून प्रत्येक जातीची स्वतंत्र परीक्षा करावी लागते.

वापरापूर्वीची कसोटी

शीतगृहातील कार्डे शेतात नेण्यापूर्वी एक लहान तुकडा काचेच्या नळीत उबेत ठेवावा आणि किती अंड्यांतून माश्या बाहेर पडल्या, त्या धडपणे चालतात व उडतात की नाही, हे पाहावे. कार्डांना उन्हाची झळ लागू देऊ नये. त्यांच्या पट्ट्या सकाळी अथवा सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस लावाव्यात. त्या सुमारास कीटकनाशकाची फवारणी टाळावी. मृत माश्यांचे कार्ड दिसावयास सारखेच असते. परंतु त्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो.