न सांपडणारी मेथड

विद्यार्थिमित्रहो, यंत्रानें दोष दाखविला कीं आपण गोंधळतों. पण त्यानें काय सांगितलें तें पुरतें वाचीत नाहीं. यासंबंधीं घडलेली एक गोष्ट सांगतों.

एका विद्यार्थ्यानें पर्ल भाषेंत लहानसा प्रोग्राम लिहिला. ही भाषा लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. 'एक्सएमएल::फीड' या मॉड्यूलच्या साह्यानें वृत्तपत्रांचीं फीड वाचून प्रत्येक बातमीचा मथळा व तारीख छापावी, हा त्याचा हेतु. पहिला मथळा उमटला आणि प्रोग्राम थांबला. संदेशाचा आशय असा: 'एक्सएमएल::फीड::एंट्री::फॉर्मॅट::आरएसएस' या पॅकेजमध्यें 'पबडेट' ही मेथड सांपडत नाहीं. मुलानें मॉड्यूल काढून पुन्हा बसविलें, संदेश तोच! निराश होऊन तो सारें लिखाण पुसूं लागला.

आतां पर्लचा शोध कसा चालतो तें पाहा. मेथडचें नांव प्रथम ऑब्जेक्टच्या पॅकेजांत, नंतर 'आयएसए' या यादींतील पूर्वजांकडे, शेवटीं सर्वांचें मूळ जें 'युनिव्हर्सल', तेथें शोधलें जातें. कोठेंच न मिळाल्यास काम थांबतें. आणि कोणतें नांव, कोणतें पॅकेज, कितवी ओळ, हें संदेश स्पष्ट सांगतो.

म्हणून क्रमानें तपासावें. मॉड्यूल आणावयाचेंच राहिलें काय? तसें असल्यास संदेशच बहुधा तशी शंका काढतो. बसविलेली आवृत्ति जुनी व वाचलेली माहितीपुस्तिका नवी, असें आहे काय? नांवाचें स्पेलिंग, लहानमोठीं अक्षरें बरोबर आहेत काय? ऑब्जेक्टला ती मेथड येते कीं नाहीं, हें 'कॅन' या मेथडनें विचारतां येतें. मात्र 'अनडिफाइन्ड' मूल्यावर मेथड चालत नाहीं असा संदेश असेल, तर रोग निराळा: बहुधा फीडच वाचतां आलें नाहीं.

आपल्या मुलाची चूक नांवांत होती. 'पबडेट' ही आरएसएस फीडांतील खूण. ॲटम या २००५ सालच्या प्रमाणांत तिलाच 'पब्लिश्ड' म्हणतात. मॉड्यूलनें दोहोंसाठीं 'इश्यूड' ही एकच मेथड ठेविली आहे. मुलानें फीड वाचलें होतें, मॉड्यूलची पुस्तिका नव्हे. एक शब्द बदलतांच तारखा उमटल्या. कांहीं बातम्यांना तारीखच नसते. म्हणून ती आहे कीं नाहीं, हें पाहूनच छापावी.

सारें पुसण्यापूर्वीं, मित्रहो, एक ओळ नीट वाचा.