फाइल गेली, पण पोचली का?

सगळ्यात आधी कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत शेवटचा निबंध आठवीत लिहिला होता, आणि तो 'माझा आवडता ऋतू' या विषयावर होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळ बघून घेईल. आणि कमांड्स इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा!

तर विषय असा, की आपल्या कॉम्प्युटरवरच्या ढीगभर फाइली लांबच्या सर्व्हरवर कशा पाठवायच्या. एक फाइल असली तर काही प्रश्न नाही, माउसने ओढा आणि सोडा. पण रोज रात्री, आपण झोपलेलो असताना, न विचारता जायच्या असल्या, की बॅच लागते. बॅच म्हणजे आधीच लिहून ठेवलेली कमांड्सची यादी.

आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता हवेतली धूळ मोजायचा. गच्चीवर सेन्सर, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय, दर मिनिटाला एक रीडिंग, दर तासाला एक छोटीशी सीएसव्ही फाइल. म्हणजे दिवसाला 24 फाइली. सगळा खटाटोप दिवाळीसाठी. नागपुरात फटाक्यांच्या रात्री आकडा कुठपर्यंत चढतो आणि किती तासांनी उतरतो, हे आम्हाला आमच्या मशीनने मोजायचं होतं. स्क्रिप्ट मी लिहिली, अवघ्या दोन ओळींची. पहिली ओळ: सगळ्या फाइली एसएफटीपीने सर्व्हरवर टाक. दुसरी ओळ: इथल्या फाइली पुसून टाक. क्रॉनमध्ये रात्री 2 ची वेळ दिली आणि मी दिवाळीला मामाकडे अमरावतीला निघून गेले.

यात चूक कुठे आहे, ते पुढे वाचायच्या आधी जरा शोधा.

आता थोडा इतिहास. फाइल पाठवायचा जुना मार्ग म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला मसुदा 16 एप्रिल 1971 चा, आरएफसी 114, आणि तो लिहिणारा माणूस आपल्याकडचा. अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीमध्ये होते. आज चालतं ते रूप 1985 च्या आरएफसी 959 चं. यात दोन जोडण्या असतात: एक बोलण्यासाठी, पोर्ट 21 वर, आणि दुसरी प्रत्यक्ष माल वाहण्यासाठी. प्रत्येक फाइलसाठी मालाची जोडणी नव्याने उघडते. म्हणून हजार बारीक फाइलींपेक्षा त्यांची एक गठडी बांधून, म्हणजे टार किंवा झिप करून, पाठवली की कितीतरी लवकर जाते.

एफटीपीचे दोन सापळे नक्की लक्षात ठेवा. विंडोजची जुनी एफटीपी कमांड मुळात आस्की मोडमध्ये उघडते. त्या मोडमध्ये ओळीच्या शेवटची खूण विंडोजमधून युनिक्समध्ये जाताना बदलली जाते. मजकुराला ते चालतं, फोटोची आणि झिपची मात्र वाट लागते. म्हणून आधी 'बायनरी'. दुसरं म्हणजे एमपुट ही कमांड प्रत्येक फाइलला 'पाठवू का?' म्हणून विचारत बसते. ते बंद करायला 'प्रॉम्प्ट' टाइप करायचं. बॅचमध्ये उत्तर द्यायला कोणी नसतं, हे नवशिके विसरतात.

पण खरी अडचण पासवर्डची. एफटीपीत तो उघडाच वायरीवरून जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिलं. एसएफटीपी चालतं ते त्यावरच. 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनेही एफटीपीला रामराम ठोकला. एसएसएचमध्ये पासवर्डच्या जागी किल्ल्यांची जोडी वापरता येते, त्यामुळे रात्री 2 ला पासवर्ड टाइप करायला कोणाला उठावं लागत नाही. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवायचा प्रकार कृपया करू नका. (आमच्या लॅबमध्ये अजूनही चालतो. असो.)

आता माझ्या दोन ओळींकडे. सुट्टी संपवून आले, सर्व्हर उघडला. ग्रुपमधला एक जण आधीच बघून मोकळा झाला होता, "अबे, फाइली तं सगळ्या दिसून राहिल्या ना!" दिसत होत्याच. नावं बरोबर, संख्या बरोबर. मी साइजचा कॉलम बघितला आणि पोटात गोळा आला. 19 दिवसांच्या 456 फाइली, सगळ्या शून्य बाइट.

झालं होतं असं. त्याच अकाउंटवर दुसऱ्या एका ग्रुपने ड्रोनचे व्हिडिओ भरले आणि आमचा कोटा संपला. फाइलचं नाव तयार व्हायचं, आत लिहायला जागा नसायची. एसएफटीपी बिचारं रोज रात्री सांगत होतं की काम फसलं. पण पहिली ओळ फसली तरी शेल दुसरी ओळ चालवतोच, त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं. आणि दुसरी ओळ होती पुसायची. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बघितलं, हाती चार-दोन तुकडे आले. लक्ष्मीपूजनाची रात्र गेली ती गेलीच. पुढची दिवाळी पुढच्या वर्षी, आणि प्रोजेक्टचं सबमिशन याच सेमिस्टरला!

सगळ्यात लागणारी गोष्ट सांगू? तो सगळा डेटा मिळून दीड एमबीसुद्धा नव्हता. 8 जीबीच्या कार्डावरून तो पुसायची मुळी गरजच नव्हती. 'जागा वाचवावी' असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून पुसला.

त्यानंतर मी यूयूसीपीबद्दल वाचलं आणि जरा लाज वाटली. 1986 मध्ये आपल्या देशात एर्नेट सुरू झालं. सुरुवातीच्या जोडण्यांपैकी एक आपल्या महाराष्ट्रातलीच, मुंबईत जुहूची एनसीएसटी (जी 2003 मध्ये सीडॅकमध्ये गेली) आणि पवईची आयआयटी यांच्यातली. साधी टेलिफोनची लाइन, मोडेम आणि यूयूसीपी. 9600 बिट्सच्या मोडेमवर एक एमबी जायला साधारण 18 मिनिटं लागतात, आणि तेव्हाची लाइन कधी तुटेल याचा नेम नाही. म्हणून यूयूसीपीत काम आधी रांगेत पडायचं. ठरलेल्या वेळी मशीन फोन लावायचं, फाइल द्यायचं, आणि पलीकडून 'मिळाली' अशी पोच आली की मगच ते काम रांगेतून निघायचं. नाही आली तर पुन्हा फोन. रजिस्टर पोस्टाची पोचपावती असायची ना, तसंच. जे त्या लोकांना तुटक्या लाइनवर जमत होतं, ते मला फायबरवर जमलं नाही.

मग स्क्रिप्ट नव्याने लिहिली. दोन कमांड्सच्या मध्ये दोन अँपरसँड टाकले, म्हणजे पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते. एसएफटीपीला वजा बी देऊन कमांड्सची फाइल दिली की एखादी कमांड फसल्यावर ते तिथेच थांबतं आणि शून्याऐवजी दुसरा आकडा परत करतं. तो आकडा तपासायचा. फक्त त्या फाइलमध्ये कमांडच्या आधी वजा चिन्ह लावू नका, त्याचा अर्थ 'फसली तरी चालू दे' असा होतो.

शेवटी मी आरसिंकवर आले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये काढलेलं हे हत्यार. फाइलीचे तुकडे करून दोन्हीकडच्या तुकड्यांच्या खुणा ताडतं आणि बदललेलंच पाठवतं. शिवाय येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं, पूर्ण झाली की खरं नाव देतं. म्हणजे अर्धवट फाइल खऱ्या नावाने मिरवत नाही. पहिल्यांदा चालवताना वजा एन द्या, म्हणजे काय करणार ते नुसतं सांगेल, करणार नाही. फाइली पुसायच्याच असतील तर 'रिमूव्ह-सोर्स-फाइल्स' हा पर्याय आहे, तो पोचलेल्याच पुसतो. मी तोही लावला नाही. पायवर शा-256 ची यादी करते, यादी फाइलींबरोबर पाठवते, सर्व्हरवर ताडून बघते आणि निकाल सकाळी 7 ला मोबाइलवर मागवते. 'सगळं ठीक' असलं तरी मेसेज येतो. तो आला नाही, की काहीतरी बिघडलं.

रिपोर्टमधल्या ग्राफचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच होता. एक जण म्हणाला, दोन्ही टोकं सरळ रेघेने जोडून टाकू, कोणाला कळून राहिलं! मी गाइड सरांकडे गेले आणि जे झालं ते सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "तेवढी जागा कोरी ठेव आणि खाली कारण लिही." पान 31 वर ती 19 दिवसांची कोरी जागा आहे, खाली कारण आहे, आणि त्याच्या पुढच्या पानावर माझी दोन ओळींची स्क्रिप्ट जशीच्या तशी छापली आहे.