कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवर

बालमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, गुरुजींनी आम्हां मुलांना जगातील एकेक सरोवर वाटून दिले. माझ्या वाट्याला कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवर आले. त्याची माहिती मी देत आहे.

स्थान : कॅनडा देश उत्तर अमेरिका खंडात आहे. त्याच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तेथील मूळ रहिवाशांना डेने म्हणतात. त्यांच्यातील एका जमातीवरून सरोवराला हे नाव पडले.

आकार : क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपला सगळ्यात मोठा अहिल्यानगर जिल्हा याच्यात आख्खा बुडेल व वर पुष्कळ जागा उरेल. खोली ६१४ मीटर. उत्तर अमेरिकेत एवढे खोल सरोवर दुसरे नाही. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटर उंच आहे. असे आठ मिनार एकावर एक ठेवले तरी ते पाण्याखाली जातील!

नद्या : दक्षिणेकडून स्लेव्ह व हे या नद्या सरोवराला मिळतात. पश्चिमेकडून मॅकेंझी नदी निघते व थेट आर्क्टिक महासागराला मिळते.

हवामान : इथे थंडी फार कडक असते. डिसेंबरात दिवस फक्त पाच तासांचा. सरोवर वर्षातले सहा महिन्यांहून जास्त दिवस गोठलेले असते. मी हे घरी वाचून दाखवले, तर आजी म्हणाली, "आरं बाळा, मग खालचे मासे मरत न्हाईत व्हय?" मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी गोळेवाल्याकडचा बर्फ आणून बादलीत टाकला. तो तरंगला. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, ते तळाशी जाते. त्याहून गार पाणी हलके, ते वर राहते आणि तेच गोठते. म्हणून बर्फ वरच राहतो. तो सरोवराची गोधडी होतो. त्याच्याखाली पाणी पातळ राहते व मासे जगतात.

प्राणी : सरोवरात लेक ट्राउट व व्हाइटफिश हे मासे पुष्कळ. पश्चिमेच्या रानात बायसन नावाचे केसाळ रानबैल आहेत. स्लेव्ह नदीच्या धबधब्यांत पेलिकन पक्षी घरटी करतात. त्यांच्या चोचीखाली मासे धरायची झोळी असते.

करमणूक : उन्हाळ्यात लोक होड्या चालवतात, गळ टाकतात. हिवाळ्यात तर जास्तच मजा! बर्फ जाड झाला की त्यावरून मोटारींचा रस्ता होतो. यलोनाइफ शहरापासून डेटा या गावापर्यंत असा साडेसहा किलोमीटरचा रस्ता आहे. लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. १९५५ पासून कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत भरते. १९९६ पासून सरोवरावर बर्फाचा किल्ला बांधतात आणि मुले त्याच्या घसरगुंडीवर घसरतात. रात्री आकाशात हिरवा उजेड नाचताना दिसतो.

पाण्यावरचे संकट : यलोनाइफ शहर सरोवराच्या काठीच आहे. तेथील जायंट खाणीतून १९४८ ते २००४ पर्यंत सोने काढले. त्यासाठी दगड भाजत. त्यातून आर्सेनिक हे विष धुराबरोबर उडे आणि बर्फावर बसे. डेने लोक तो बर्फ वितळवून पीत. १९५१ मध्ये त्या पाण्याने एक लहान मूल दगावले. त्या विषाला ना रंग, ना चव, मग आईबापांना कसे कळणार? पुढे १९६९ मध्ये शहराने वरच्या यलोनाइफ नदीतून नळाने पाणी आणले. एवढे मोठे सरोवर दारात, आणि प्यायला पाणी दुसरीकडून! खाणीत २,३७,००० टन विषारी भुकटी अजून जमिनीखाली आहे. ती पाण्यात उतरू नये म्हणून भोवतालची जमीन मुद्दाम गोठवण्याचे काम चालले आहे.

सोने संपले, खाण बंद झाली, पण विष तिथेच राहिले. मित्रांनो, स्वच्छ दिसते ते पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही, हे मी या सरोवरावरून शिकलो.

सांगा पाहू :
१) ग्रेट स्लेव्ह सरोवरातून कोणती नदी निघते?
२) बर्फ पाण्यात बुडाला असता, तर माशांचे काय झाले असते?
३) काठावर राहूनही शहराने दुसरीकडून पाणी का आणले?

उत्तरे गुरुजींना दाखवावीत.

– इयत्ता चौथी